अर्ध्या शक्तीचा व्यायाम

पिंपळे सौदागर येथें आम्हां दोघां भावांचें एकत्र कुटुंब राहतें. गेल्या श्रावणीस घरांतील सर्व पुरुष ओळीनें बसून नवें यज्ञोपवीत धारण करीत असतां, आमच्या पुतण्यानें उजवा हात वर केला आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. ‘काय रे, काय झालें?’ आम्हीं विचारलें. ‘कांहीं नाहीं, काका,’ असें तो म्हणाला. परंतु त्याची आई दारांतून बोलली, ‘महिनाभर हा डाव्या हातानेंच केंस विंचरतो आहे. तुम्ही तरी विचारा त्याला!’

मुलाचें वय २४. दिवसभर हिंजवडीस संगणकापुढें बसावयाचें आणि सायंकाळीं व्यायामशाळेंत बाकावर उताणें पडून लोखंडी दांडा छातीवरून उचलावयाचा, हा त्याचा नित्यक्रम. त्यास दोष देण्यापूर्वीं आम्हांस स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. दुखणें नवें असतां तो खांदा चोळीत बसला होता, तेव्हां आम्हींच हंसून म्हटलें होतें कीं, तालमींतलीं पोरें अशी कुरकुर करीत नसत. जन्मभर मुलांस शिकविलेल्या माणसाचें तें वाक्य त्यानें खरें मानलें आणि वेदना लपविली.

गळ्याखालीं जें आडवें हाड हातास लागतें, त्यास सुश्रुतानें अक्षक म्हटलें आहे. डॉक्टर त्यास कॉलरबोन म्हणतात. हात आणि धड यांस जोडणारा हाडांचा दुवा एवढाच. गर्भावस्थेंत सर्व हाडांच्या आधीं हें घट्ट होऊं लागतें आणि पुरें होण्यास मात्र सुमारें पंचविशी उजाडते. नेमक्या ह्याच वयांत तरुणांस वजनें वाढविण्याचा हव्यास असतो! ह्या हाडाचें बाहेरचें टोंक खांद्याच्या माथ्याशीं एका लहानशा सांध्यानें जोडलेलें आहे. दांडा छातीपर्यंत खालीं आणतांना कोंपरें पाठीमागें जातात आणि त्या सांध्यावर ताण पडतो. रोज तोच ताण पडला, मध्यें विसावा मिळाला नाहीं, तर हाडाचें टोंक झिजूं लागतें. काहिल नांवाच्या अमेरिकन शल्यवैद्यानें १९८२ सालीं ह्या विकाराचे ४६ खेळाडू वर्णिले. त्यांपैकीं ४५ जण वजनें उचलणारे होते.

ह्याची खूण सोपी आहे. श्रमानें स्नायु दुखतात, ते पसरट दुखतात आणि दोन-चार दिवसांत निवतात. सांध्याचें दुखणें एका बोटानें दाखवितां येतें. हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे नेतांना तें वाढतें आणि त्या कुशीवर झोंप येऊं देत नाहीं. असें असल्यास वजन थांबवावें आणि अस्थितज्ज्ञास दाखवावें. पिंपरीस महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयांतही तशी सोय आहे. बहुतेकांस विश्रांति, औषध आणि शिकवून दिलेला हलका व्यायाम पुरतो. क्वचित् टोंक कापून काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. पुढें व्यायाम सुरू करतांना पकड अरुंद ठेवावी आणि दांडा छातीस टेकूं देऊं नये. हाड वर आलें, हात उचलेनासा झाला किंवा बोटें बधिर झालीं, तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. डाव्या खांद्याबरोबर छाती दडपत असेल आणि घाम फुटत असेल, तर तें हृदयाचें दुखणें असूं शकतें. तेथें लेप लावीत बसूं नये.

निखळलेला खांदा बसविण्यासाठीं सुश्रुतानें काखेंत मुसळ घालून ती वर उचलावी आणि मग स्वस्तिकाकार बंध बांधावा, असें सांगितलें आहे. आज घरीं कोणी मुसळ हातीं घेऊं नये. परंतु त्याचा दुसरा उपदेश आजही पाळण्याजोगा आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, असें तो म्हणतो.

२०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत सांगलीच्या संकेत सरगर यांनीं ५५ किलो गटांत एकूण २४८ किलो वजन उचललें. १३९ किलोच्या प्रयत्नांत त्यांचें कोंपर दुखावलें. तरी ते पुन्हा दांड्यापाशीं गेले. तो प्रयत्न फसला आणि सुवर्णपदक एका किलोनें हुकलें. तेथें देशाचें पदक पणास लागलें होतें. आमच्या पुतण्यापुढें कोणतें पदक होतें? केवळ काकांची शाबासकी! ती एवढी महाग पडेल, हें आम्हांस उमगलें नव्हतें.

परवां त्यानें वरच्या फळीवरून पोथी उजव्या हातानें काढून दिली. किती वजन उचलतोस, हें आम्हीं विचारलें नाहीं. ‘दुखलें का रे?’ एवढेंच विचारलें.

‘थोडें दुखलें, काका,’ तो म्हणाला.

त्यानें खरें सांगितलें, ह्याचें आम्हांस समाधान वाटलें.