व्यायामशास्त्रातील पीएच.डी. आणि वार्धक्याचे संशोधन: काही गैरसमज

यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील एखाद्या तरुणाने अथवा तरुणीने शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊन संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदविले, म्हणजे घरची वडील मंडळी दोनच गोष्टी गृहीत धरतात: पदवी हाती पडताच महाविद्यालयातील कायम हुद्दा मिळेल, आणि तो न मिळाल्यास इतक्या वर्षांचे परिश्रम व्यर्थ जातील. ही दोन्ही अनुमाने चुकीची आहेत, आणि ती चुकीची असल्यामुळेच या शाखेतील बुद्धिमान मुले आपल्या प्रबंधाचा विषय ठरवताना समाजाची गरज न पाहता केवळ जाहिरातीतील जागा पाहतात.

प्रथम नोकरीचाच प्रश्न घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या विनियमांत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचे योजले होते. परंतु २०२३ च्या दुरुस्तीने नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. म्हणजे पदवी उपयोगी आहे, पण तिच्यात नेमणुकीची हमी नाही. महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकाची जागा ही तर आणखी निराळी बाब आहे, आणि तिच्याविषयीचे अज्ञान पाहून मला नेहमी आश्चर्य वाटते. कारण त्या जागेसाठी विद्वत्तेबरोबर शरीराचीही परीक्षा द्यावी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर धावत किंवा चालत पार करावे, चाळिशीपर्यंतच्याने १५०० मीटर, तर तीस वर्षांपर्यंतच्या स्त्री उमेदवाराने ८ मिनिटांत १००० मीटर, असा त्या विनियमांचा तपशील आहे. ग्रंथालयात बसून चार-पाच वर्षे प्रबंध लिहिणाऱ्याने याचा विसर पडू देऊ नये.

दुसरा समज असा की, ही शाखा कवायत आणि खेळ यांपलीकडे जात नाही व तिच्यात विज्ञान म्हणण्याजोगे काही नाही. वास्तविक आपल्याच प्रदेशाचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर केली. त्या प्रात्यक्षिकांच्याही आधी, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला व त्याचे निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. व्यायाम ही मोजता येण्याजोगी गोष्ट आहे, हा विचार आपणांस परका नाही. परका झाला आहे तो मोजण्याचा सराव.

परंतु ज्या गैरसमजाने सर्वांत अधिक हानी होते, तो नोकरीविषयीचा नसून वृद्ध शरीराविषयीचा आहे. वय झाले म्हणजे माणसाने स्वस्थ बसावे, आणि जन्मभर वावरात राबलेल्याला तर व्यायामाची गरजच काय, असे आपल्याकडे मायेने आणि आदराने बोलले जाते. वयोमानाने स्नायूंचा जो ऱ्हास होतो त्याला अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. हा ऱ्हास अटळ असला तरी त्याचा वेग बदलता येतो, हे त्यानंतर लवकरच सिद्ध झाले. १९९० मध्ये मारिया फियातारोने यांनी बोस्टन येथील शुश्रूषागृहातील सरासरी नव्वदीच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला, तेव्हा पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आणि १९९४ मध्ये शंभर व्यक्तींवर केलेल्या मोठ्या प्रयोगानेही या निष्कर्षाला पुष्टी दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारी हालचाल करावी, असे सांगितले आहे, ते अशाच पुराव्याच्या आधाराने.

मग निंदण, वेचणी आणि डवरणी करून म्हाताऱ्या झालेल्या देहाचे काय? कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या स्त्रीला कष्ट पुष्कळ घडतात, परंतु कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. व्यायामात भार ठरवून वाढवायचा असतो आणि मध्ये विश्रांती द्यायची असते, कष्टात मात्र तोच भार त्याच सांध्यांवर वर्षानुवर्षे पडतो. येथे संशोधकाला खरे काम आहे. उदाहरणार्थ, पायांची ताकद तपासण्याची एक रूढ चाचणी अशी की, हात छातीशी घेऊन सुमारे १७ इंच उंचीच्या, हात नसलेल्या खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजायचे. झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील ज्या आजीने आयुष्यभर जमिनीवर बसून भाकरी थापली, तिच्या क्षमतेचे मोजमाप खुर्चीने व्हावे का? ब्राझीलमधील क्लाउडिओ गिल अराउजो यांनी जमिनीवर बसून उठण्याची चाचणी २००२ प्रौढांवर वापरून तिचा आयुर्मानाशी संबंध दाखवला, तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या ग्रामीण स्त्रीपुरुषांना ती किती लागू पडते, हा प्रश्न एका प्रबंधास पुरून उरेल. तसेच आशियाई तज्ज्ञमंडळाने २०१९ मध्ये सार्कोपेनिया ओळखण्यासाठी हाताच्या पकडीची किमान मर्यादा पुरुषांसाठी २८ आणि स्त्रियांसाठी १८ किलो ठरविली. विळा-खुरप्याची सवय असलेल्या हातांची पकड चांगली आणि गुडघे मात्र निकामी, असे झाल्यास केवळ पकड मोजणारा फसेल, अशी माझी शंका आहे, आणि ती मापनानेच फिटू शकेल.

नावापुढे ‘डॉ.’ लागले म्हणजे उपचाराचा अधिकार मिळाला, असाही एक समज आहे, आणि तो वेळीच दूर झालेला बरा. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे; रुग्णाला औषध देणे वैद्यकाचे आणि व्याधिग्रस्त सांध्यावर उपचार करणे भौतिकोपचारकाचे काम होय. व्यायामशास्त्रज्ञ मोजतो, व्यायामाचा कार्यक्रम आखतो, परिणाम तपासतो, आणि त्याने आजाराची शंका असलेला रुग्ण वैद्याकडे पाठवायचा असतो. ज्याला रुग्णोपचारच करावयाचा आहे त्याने भौतिकोपचाराची पदवी घ्यावी.

तर मग काम कोठे आहे? आपल्या जिल्हा रुग्णालयात ‘व्यायामशास्त्रज्ञ’ असा हुद्दा शोधणाऱ्याची निराशा होईल. २०१०-११ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयी वृद्धांचा १० खाटांचा विभाग व भौतिकोपचारकाची जागा यांची तरतूद आहे, आमच्या शास्त्राची नाही. पण कामाचे क्षेत्र या तरतुदीपेक्षा मोठे आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची जी पाहणी केली, तिच्यात वृद्धांच्या पकडीचा जोर, चालण्याचा वेग आणि तोल हे प्रत्यक्ष मोजले गेले. असे मापन शिकवणारी, तपासणारी आणि त्याच्या आकड्यांचा अर्थ लावणारी माणसे लागतातच. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, संरक्षण खात्याची दिल्लीतील शरीरक्रियाशास्त्राची संस्था, भारतीय क्रीडा प्राधिकरण, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था यांच्या संशोधनप्रकल्पांच्या जाहिराती नियमित पाहाव्यात. त्यांतील बऱ्याच जागा ठराविक मुदतीच्या असतात, हे अर्ज करतानाच समजून घ्यावे. परदेशातील पीएच.डी.नंतरची फेलोशिप हीसुद्धा मुदतीचीच नोकरी आहे, कायम वसाहतीचा परवाना नव्हे.

द्रव्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढील श्रेणीत ४२,००० रुपये मिळतात. ती न मिळाल्यास नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करण्यास आयोगाचे पीएच.डी.विषयक २०२२ चे विनियम परवानगी देतात. मालकाचा ना हरकत दाखला मात्र जोडावा लागतो. किमान मुदत तीन वर्षे आणि साधारण कमाल सहा वर्षे आहे. ज्याचा विषय वृद्धांविषयीचा असेल त्याने आराखडा सादर करण्यापूर्वीच संख्याशास्त्राचा अभ्यास पुरा करावा, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संधान बांधावे (यवतमाळचे शासकीय महाविद्यालय १९८९ पासून जिल्ह्यातच आहे), आणि मानवी सहभागाचे संशोधन असल्यामुळे नीतिशास्त्रीय समितीची मंजुरी व प्रत्येक सहभागी वृद्धाची त्याला समजणाऱ्या भाषेतील संमती यांसाठी पुरेसा अवधी राखून ठेवावा. कारण कोलामी बोलणाऱ्या वृद्धाला मराठी मसुदा वाचून दाखवणे म्हणजे त्याची संमती घेणे नव्हे.