वेगाआधी फिरकी शिका

सॉफ्टबॉल टाकणाऱ्या पोरींनो, नुसता जोर म्हणजे पिचिंग नव्हे! अमेरिकेतली डावखुरी कॅट ऑस्टरमन बघा. टेक्सास विद्यापीठाकडून २००२ ते २००६ या काळात खेळताना तिने २,२६५ स्ट्राइकआउट घेतले. तिची ताकद वेगापेक्षा फिरकीत. ४३ फुटांवरून सरळ आलेला चेंडू फलंदाजापाशी येऊन खाली बुडायचा.

तुम्हीही आधी जवळून, नुसत्या मनगटाने चेंडू टाका. तो कसा फिरतो ते नीट बघा. नेम बसला की मग वेग वाढवा. हळू चेंडूही त्याच हातफेकीने टाका, फलंदाज फसतोच.

आणि हो, हात खालून फिरवला तरी खांद्यावर ताण येतोच. दुखलं तर लपवू नका, सरांना सांगा. सरांनीही सगळे सामने एकाच पोरीच्या खांद्यावर टाकू नयेत.