शेणकाला किती पातळ?

भगिनींनो, सारवणाला शेण किती पातळ करावे हे तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. गोबरगॅसला मात्र पाणी मोजून घालणारे घर विरळाच!

ताजे शेण पाटीत ढिगासारखे उभे राहते. त्यातले कण, तंतू एकमेकांत अडकलेले असतात. पुरेसा जोर लावल्याखेरीज ते सरकत नाही. ढवळले की सैल होते, थांबलात की पुन्हा दाटते. त्यात घन भाग पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. बादलीभर शेणात बादलीभर पाणी घाला, म्हणजे तो निम्म्यावर येतो आणि काला आपल्याच वजनाने नळातून उतरतो. पाणी कमी पडले तर नळ तुंबतो, गॅसचे बुडबुडेही आत अडकतात. जास्त झाले तर माती तळाशी बसते, काडीकचरा वर तरंगून जाड थर धरतो. तरंगती टाकी फिरवून तो मोडता येतो; १९८४ साली आलेल्या दीनबंधू संयंत्रात टाकी फिरत नाही. तेव्हा गुठळ्या आधीच हाताने फोडा, खडे वेचा.

नळ तुंबलाच तर बाहेरूनच बांबूने मोकळा करा. आत कोणी उतरू नये. तिथल्या वायूने माणूस ओरडायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला धावलेलाही.