मागावाचून

संपादकांनी पाठवलं होतं घोंगडीवर लिहायला. घोंगडीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. धनगर मेंढरं राखतो, घरची बाई सूत कातते, सनगर ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर पट्टी विणतो. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते आणि तिचे फोटो दरवर्षी छापून येतात. पण कोल्हापूरच्या त्याच मुलखात एका पिंजाऱ्याच्या अंगणात जेन होताना पाहिलं आणि माझी घोंगडी मागे पडली.

जेन म्हणजे लोकरीचं जाड बसकर. त्याला सूत लागत नाही, मागही नाही. लोकर, साबणाचं कढत पाणी आणि माणसाचं वजन, एवढ्यावर ते होतं. पूर्वी घोड्याच्या खोगिराखाली ते घालत. आता पोथीला बसायला किंवा थंड फरशीवर अंथरायला घेतात. कला जुनी आहे. अल्ताई पर्वतात पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांमध्ये २००० वर्षांहून जुनी अशीच लोकरीची कापडं सापडली. इतिहास एवढा पुरे.

अंगणातले चाचा सत्तरीचे असावेत. पिंजलेली लोकर त्यांनी चटईवर पसरली, एका थराचे तंतू उभे, दुसऱ्याचे आडवे. बोटांनी चाचपून कुठे विरळ आहे ते शोधायचं आणि तिथे चिमूटभर लोकर टाकायची, हे त्यांचं इतका वेळ चाललं की मीच कंटाळलो. मग साबणाचं पाणी शिंपडून चटईसकट सगळ्याची वळकटी केली, दोरीने आवळली आणि तिच्यावर पाय दिला. पुढे ढकलायची, मागे ओढायची. मध्येच सोडून दिशा बदलायची, कडा आत दुमडायच्या, पुन्हा पाणी, पुन्हा वळकटी. शेवटी गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंतच्या हातांनी ती लाटायची. दर खेपेला थर आकसलेला दिसे.

हे होतं कशामुळे? लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, सगळे टोकाकडे झुकलेले. कढत पाण्यात ते उचलले जातात आणि रगडलं की तंतू सरकतो, पण एकाच बाजूला, मुळाकडे. उलट यायला खवला अडवतो. गवताचं कुसळ धोतरात शिरतं तसं ते पुढेच जात राहतं. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुऊन बाळाच्या मापाचा करून ठेवलेल्या कुणालाही हे नव्याने सांगायला नको. विणलेलं उसवता येतं, हे नाही. म्हणूनच चाचांचा सगळा जीव त्या पहिल्या पसरण्यात.

आणि लोकरीच्या निवडीत. "लई जाड बी नको, निस्ती मऊ बी नको," ते म्हणाले. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, चटकन धरते. मोठ्या मेंढराची भरड लोकर अंग देते. दोन्हींचा मेळ हातालाच कळतो, असं दिसलं.

अडचण इथेच आहे. दख्खनी मेंढीची लोकर वर्षाकाठी एक किलोही भरत नाही, ती भरड, आणि भाव इतका पडलेला की कातरणाऱ्याची मजुरी सुटत नाही. बरेच मेंढपाळ कातरलेली लोकर रानातच टाकतात. घोंगडीची जागा पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी घेतली. मेंढीला आता मोल आहे ते मटणाचं. म्हणून कळपात माडग्याळी शिरली: उंच, बाकदार नाकाची, झपाट्याने वाढणारी. धनगराला मी दोष देणार नाही, त्याला चार पैसे मिळतात. पण तिच्या अंगावर लोकर थोडी आणि केस फार. रानात लोकर कुजते आहे आणि चाचा जावळासाठी वाडी-वाडी फिरतात, हे दोन्ही एकाच तालुक्यात.

चाचांच्या मुलाचा गाद्यांचा धंदा आहे. त्याच्या मशीनवर लोकर पिंजून पाहिली, तर लांब तंतू रुळांना गुंडाळून बसले. मशीन कापसाचं, ते कापसालाच. तेव्हा पिंजणही हातानेच.

मी होतो तेव्हा पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची मागणी आलेली होती, पांढऱ्या जेनाची. दख्खनी मेंढी बहुतेक काळी. चाचांनी माडग्याळीचे पांढरे केस घालून पाहिले, दुपारपर्यंत लाटले. वळकटी सोडली तर केस सुटेच.

"धरंना," म्हणाले, आणि केस झटकून काळी लोकर पसरायला घेतली. पुण्याला काय कळवायचं, ते मुलगा बघेल.