दयेचा हिशेब

कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हा मंडळींना 'दया' हा शब्द फारसा रुचत नाही. मालकाने दया करावी असे आम्ही कधी मागितले नाही. मागितला तो हक्क, आणि घामाचा दाम. मग तारकर्लीच्या श्रोत्यांपुढे ख्रिस्ती दयेचा विषय आम्ही का मांडावा, असे कोणी विचारील. उत्तर इतकेच की, या दयेचा मूळ अर्थ भीक असा नाही, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात एका बाईने कृतीने दाखवून दिला आहे.

प्रथम मूळ शिकवण पाहू. वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनने उभारलेल्या हॉस्पिटलाला संत लूकचे नाव आहे. त्या लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. लुटारूंनी मारून टाकलेला एक वाटसरू रस्त्यात पडला आहे. याजक त्याला पाहून पलीकडून निघून जातो, लेवीही जातो. थांबतो तो शोमरोनी. म्हणजे यहुदी लोक ज्यांच्याशी व्यवहारही ठेवीत नसत त्यांच्यातला एक. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेतो, दोन दिनार भरतो आणि पुढचा खर्चही अंगावर घेतो. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. जखमीला त्याने त्याचा धर्म विचारला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरी गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानातली, कर्जाची. राजाने एका चाकराचे प्रचंड देणे माफ केले. मजुरीत मोजले तर ते सुमारे सहा कोटी दिवसांचे भरते. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरतो! ख्रिस्ती दयेचे मर्म येथे आहे. दया करणारा हा वरच्या पायरीवरचा दाता नव्हे. तो स्वतःच माफी मिळालेला कर्जदार आहे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचावे. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीचे आईवडील दुष्काळात गेले, पाठोपाठ मोठी बहीणही गेली. उपास म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. पुढे गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो जणी आल्या. ज्या स्त्रियांना समाजाने 'पतित' म्हणून दूर लोटले, त्यांच्यासाठी वेगळे घर काढले, आणि त्याचे नाव ठेवले कृपासदन.

परंतु आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. केडगावला नुसते जेवण वाढले जात नव्हते. शेती, विणकाम, शिवणकाम, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. अंध मुलींना ब्रेल शिकविले गेले. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तेथील छापखान्यातच छापले गेले. घेणाऱ्याचा हात कामाला लागला आणि मान वर झाली की दया फळाला आली.

या दयेला जीभही होती. १८९७ साली पुण्याच्या प्लेगछावण्यांत स्त्रियांचे होणारे हाल रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर आणले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

आता आक्षेपाकडे वळू. १८९३ साली शारदासदनातील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत असल्यावरून मोठा वाद झाला; न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा आक्षेप आम्ही झटकून टाकणार नाही. उपाशी माणसाने दिलेली संमती किती खरी असते हे, पोटासाठी मिळेल त्या करारावर अंगठा उठविणारा मजूर पाहिलेल्यांना सांगावे लागत नाही. भाकरीबरोबर श्रद्धेची अट आली तर तिला आम्ही दया म्हणणार नाही. शोमरोन्याने तशी अट घातली नव्हती. पण टीका करणाऱ्यांनाही प्रश्न आहे : त्या विधवांसाठी तुमची किती दारे उघडी होती? एक दार पुढे उघडले. कोकणातल्या गोदूबाई या शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. त्यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला, आणि १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. एका घरची दया दुसऱ्या घरी अशी पोचली, धर्म न बदलता.

मग हक्क आणि दया यांचा मेळ कसा घालावा? आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, तो हक्क. त्याच्यावर कोणी उपकार करीत नाही. परंतु ज्याचा हात दोरापर्यंत पोचत नाही, तो आजारी, म्हातारा, निराधार माणूस हक्काच्या हिशेबात बसत नाही. त्याच्यासाठी दया लागते. जी दया हक्काच्या जागी बसते ती लबाडी होय. आणि जो हक्क दयेला ओळखत नाही तो शेवटी बळवंतांचाच उरतो.

रमाबाई १९२२ साली गेल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे. दया केली की नाही हे पाहायचे असेल तर किती दिले ते मोजू नये. पडलेला माणूस उठून चालू लागला का, एवढे पाहावे.