पालकांची तक्रार आली की कोचनं काय करायचं?



कोल्हापुरात फुटबॉलचं वेड किती, हे वेगळं सांगायला नको. पेठापेठांतले तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला आपला अनिकेत जाधव. त्यामुळे प्रत्येक बापाला वाटतं, पुढचा नंबर आपल्याच पोराचा! मी दर रविवारी दहा-अकरा वर्षांच्या बारा पोरांना शिकवतो, हौसेनं, पैसे न घेता. पहिल्या वर्षी मला मॅचपेक्षा पालकांचीच धास्ती जास्त होती.

आता मी तक्रार आली की आधी बघतो, ती कशाबद्दल आहे. तीन प्रकार असतात.

पहिला, "सर, आमच्या पोराला का बसवलं?" इथं वही कामाला येते. सात जणांचा संघ, ४० मिनिटांची मॅच, म्हणजे एकूण २८० मिनिटं. बारा पोरांत वाटली तर प्रत्येकाला साधारण २३ मिनिटं. कोण किती खेळलं ते मी लिहून ठेवतो आणि हा हिशोब सीझनच्या आधीच पालकांना सांगतो. मॅच संपल्या संपल्या मात्र वाद घालायचा नाही. तेव्हा सगळ्यांचंच डोकं तापलेलं असतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबातच नाही. एवढंच लिहायचं, "मेसेज वाचला, उद्या संध्याकाळी फोन करतो." आणि फोन खरंच करायचा.

दुसरा प्रकार वागणुकीचा. इथं मी स्वतःच चुकलो होतो. एक ताई बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, तुम्ही त्याला रोडरोलर म्हणता."

मी लगेच म्हणालो, "अहो ताई, गमतीत म्हणतो."

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणून बाकीची पोरंही म्हणतात. रविवार आला की याच्या पोटात दुखतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन रविवार तो आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. नाव सगळ्यांसमोर ठेवलं होतं, मग माफी एकट्यात कशी चालेल? तो आता खेळतो. माझ्या विनोदांवर अजून हसत नाही. चालतंय.

तिसरा प्रकार सुरक्षेचा. इथं उद्यावर ढकलायचं नाही. डोक्याला मार लागून पोराला गरगरत असेल, तर त्या दिवशी खेळ बंद आणि थेट डॉक्टर. आणि कुणी मुलाशी लैंगिक गैरवर्तन केल्याची तक्रार असेल, तर आपण चौकशी करत बसायची नाही, मिटवायची तर नाहीच. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन आहे १०९८. नंबर आत्ताच सेव्ह करा.

बघा, तक्रार करणारा प्रत्येक पालक बरोबर असतो असं नाही. पण "गमतीत म्हणतो" हे माझं वाक्य मी विसरलेलो नाही. म्हणून आता आधी पूर्ण ऐकतो, मग बोलतो.

तुमच्या ओळखीत कुणी कोच असेल तर हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात!