कचराभूमी बंद, धोका कायम

कचराभूमी बंद झाली तरी कचऱ्याचे कुजणे थांबत नाही. २४ मार्च १९८६ रोजी इंग्लंडमधील लॉस्को गावी, मातीने झाकलेल्या कचराभूमीतील मिथेन जमिनीखालून एका बंगल्यात शिरला आणि स्फोटात तिघे जखमी झाले. त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला होता. दाब घटला की कोंडलेला वायू खडकांच्या भेगांतून वेगाने बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असल्यास ठिणगीही पुरते. म्हणून कचराभूमी व घरे यांच्यामध्ये नलिका पुरून वायूची तपासणी, विशेषतः दाब उतरताना, करावी लागते. झिरपणाऱ्या दूषित पाण्याचा माग काढण्यासाठी भूजलप्रवाहाच्या वरच्या व खालच्या बाजूंच्या विहिरींतील क्लोराइड आणि अमोनियाची तुलना केली जाते. वर हिरवळ फुलली, तरी ही मोजणी अनेक वर्षे चालू ठेवणे अपरिहार्य ठरते.